देश लहान आहे म्हणून दिवस कापू नका, मुक्काम कापा

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नाशिकचं कुटुंब आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, अडुसष्टचे वडील, चौसष्टची आई. युरोपची पहिलीच सहल, मे महिन्यात, हातात दहा दिवस. सगळ्यांचा जीव स्लोव्हेनियात अडकलाय. एजंटने मात्र नऊ रात्री अशा वाटल्यात: प्राग दोन, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट दोन, ल्युब्लियाना एक, ब्लेड एक (ही दोन्ही स्लोव्हेनियातली) आणि व्हेनिस एक. त्याचं म्हणणं, "एवढासा तर देश आहे, दोन दिवसांत उरकतो." तुम्ही विचारलंय की दोन दिवस पुरतील का, गाडी भाड्याने घ्यावी का आणि शुद्ध शाकाहारी आई-वडिलांच्या जेवणाचं काय.

मी गेली सोळा वर्षं पुण्यात लोकांच्या सहली आखून देते. मोठ्या बसच्या टूर नाहीत, एकेका कुटुंबाच्या. स्लोव्हेनियाला स्वतः सहादा गेले आहे, त्यातल्या चार वेळा बरोबर साठीच्या पुढची माणसं होती. त्या जोरावर सांगते: दोन दिवस पुरतात का, हा तुमचा खरा प्रश्नच नाही. स्लोव्हेनिया तुमच्या सहलीत जाता-जाता लागणारं गाव आहे की सहल त्याच्यासाठीच आहे, हे आधी ठरवा. व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा, विमान कुठे उतरवायचं, गाडी घ्यायची की नाही, हे सगळं त्याच एका उत्तरावर अवलंबून आहे.

एवढासा देश म्हणजे केवढा, ते बघू. स्लोव्हेनियाचं क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर. तुमच्या शेजारचा अहिल्यानगर जिल्हा १७,०४८. म्हणजे त्या एका जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, पुणे शहराहूनही कमी. आता मला सांगा, बाहेरून आलेल्या पाहुण्याला तुम्ही अहिल्यानगर जिल्हा दोन दिवसांत दाखवाल का? शिर्डी होईल, शनिशिंगणापूर होईल. भंडारदरा गाडीतून दिसेल. हरिश्चंद्रगड राहिला तो राहिलाच. स्लोव्हेनियात तर वरच्या अंगाला २,८६४ मीटरचा त्रिग्लाव आणि आल्प्सची रांग, मध्ये राजधानी ल्युब्लियाना, नैर्ऋत्येला चुनखडीच्या प्रचंड गुहा आणि खाली जेमतेम ४७ किलोमीटरचा समुद्रकिनारा. अंतरं कमी आहेत, पण रस्ते डोंगरातले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी थांबावंसं वाटतं.

लहान देशाचा फायदा वेगळाच आहे. तिथे बॅगा कमी वेळा भराव्या लागतात. एका गावात चार रात्री राहून रोज सकाळी वेगळ्या दिशेला जायचं आणि संध्याकाळी आपल्याच खोलीत परत यायचं, हे फ्रान्स-जर्मनीत जमत नाही, इथे जमतं. दिवस तेवढेच ठेवा, मुक्काम कमी करा.

एजंटच्या आराखड्यात सहा मुक्काम आहेत, म्हणजे पाच वेळा गाव बदलणं. एकदा गाव बदललं की निदान अर्धा दिवस जातो: सकाळी खोली दहा-अकराला सोडायची, नवी दुपारी दोन-तीनला मिळणार, मधल्या वेळात पाच माणसं आणि पाच बॅगा स्टेशनवर. तरुण जोडप्याला यातही मजा वाटते. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि ते बिचारे बोलत नाहीत, फक्त "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो" म्हणायला लागतात. हे वाक्य ऐकू आलं की समजावं, आखणी चुकली.

या आराखड्यात आणखी एक गोची आहे, ती व्हिसाची. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त राहणार त्या देशाकडे मागायचा, हा नियम. तसा एकच देश ठरवता येत नसेल तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. तुमच्या एजंटच्या हिशेबात चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि स्लोव्हेनिया चौघांनाही दोन-दोन रात्री. मग पहिलं पाऊल प्रागला, म्हणजे अर्ज चेक दूतावासाकडे. तुम्ही "आम्ही स्लोव्हेनियाला चाललोय" असं सगळ्यांना सांगत राहाल आणि कागदोपत्री स्लोव्हेनियाचा संबंधच उरणार नाही. उलट स्लोव्हेनियाला सात रात्री दिल्यात तर प्रश्नच मिटतो. अर्ज त्यांच्याकडे, आरक्षणं तिथली, आणि "या देशातच का?" असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ आहे.

माझा आराखडा असा: ल्युब्लियाना चार रात्री, बोहिन्य (ब्लेडच्या पुढचं तळ्याकाठचं ठिकाण) तीन रात्री, शेवटी व्हेनिस दोन. जाताना फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलून थेट ल्युब्लियानाला उतरायचं आणि परत येताना व्हेनिसहून निघायचं. भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचं तिकीट 'मल्टी-सिटी' म्हणून शोधा. दोन सुटी एकेरी तिकिटं घेऊ नका, ती बहुतेक वेळा महाग पडतात. प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट पुढच्या खेपेला. ती शहरं कुठे पळून जात नाहीत.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर एक लक्षात ठेवा: शेंगेनमध्ये तुमचा प्रवेश तिथेच होतो, ल्युब्लियानाला नाही. पासपोर्टची रांग तिथे लागणार. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत आणली आहे, त्यात पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. या सगळ्याला वेळ लागतो. दोन विमानांमध्ये सव्वा तास असलेलं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका. मी ज्येष्ठ बरोबर असतील तर तीन तासांखाली जात नाही. अधिकाऱ्याने विचारलं कुठे चाललात, तर स्लोव्हेनिया सांगा आणि पुढचं बोर्डिंग कार्ड दाखवा. स्लोव्हेनियाचा व्हिसा असून जर्मनीत उतरलो म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. तुमचे चार मोठे आणि एक लहान, म्हणजे ४०५ युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत नाहीत. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. मेच्या सहलीसाठी मी लोकांना फेब्रुवारीच्या आत अर्ज करायला लावते, कारण मार्चनंतर आपल्याकडचा सगळा उन्हाळी प्रवासी वर्ग रांगेत येतो आणि भेटीची वेळच मिळत नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. तोपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

पासपोर्ट आजच काढून बघा. युरोपातून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, तो दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, आणि दोन कोरी पानं हवीत. मुलीचा जास्त नीट बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो संपत आलाय हे नेमकं फॉर्म भरताना लक्षात येतं. विमा निदान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. वडिलांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर स्वस्त विमा घेण्याआधी जुन्या आजारांबद्दलचं कलम वाचा. व्हिसासाठी तो स्वस्त विमाही चालतो, दवाखान्यात मात्र तेच कलम आडवं येतं.

आता तारखा. मे चांगला महिना आहे, पण पहिला आठवडा टाळा. १ आणि २ मे दोन्ही दिवस तिथे कामगार दिनाची सुट्टी, त्याआधी २७ एप्रिललाही सुट्टी. लोक मधले दिवस जोडून घेतात आणि सगळा देश ब्लेड-बोहिन्यला लोटतो. आपल्याकडे पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की लोणावळ्याचं जे होतं, तेच. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून बरं. दिवसा साधारण वीस अंश, रात्री दहाच्या आसपास. पाऊस येणार, हे गृहीत धरा. आपल्यासारखा चार महिन्यांचा पाऊस तिथे नाही, तो वर्षभर वाटलेला असतो आणि आल्प्सच्या बाजूला भरपूर पडतो. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

आणि विमान रविवारी उतरेल असं तिकीट घेऊ नका. स्लोव्हेनियात २०२० पासून कायद्याने रविवारी दुकानं बंद असतात. फक्त पेट्रोल पंप, स्टेशन, विमानतळ, रुग्णालय अशा ठिकाणची लहान दुकानं उघडी राहतात. हा कायदा झाल्यावरच्या माझ्या पहिल्याच खेपेला मी ठाण्याच्या एका कुटुंबाला घेऊन बरोबर रविवारी दुपारी पोहोचले. स्वयंपाकघर असलेलं छान अपार्टमेंट, आजी पहिल्याच संध्याकाळी खिचडीच्या तयारीत, आणि कोपऱ्यावरचं सुपरमार्केट कुलूपबंद. शेवटी पेट्रोल पंपावरून पाव, दही आणि पाच केळी आणली. आजींनी त्या दह्यात चटणी कालवली आणि म्हणाल्या, "पंपावर दही मिळतं, हे बरंय." त्यांनी वेळ निभावून नेली, पण माझं काम मी नीट केलं नव्हतं.

ल्युब्लियाना मला पहिल्या मुक्कामासाठी आवडतं, कारण ते दमवत नाही. २००७ पासून मध्यवर्ती भागात मोटारींना बंदी आहे. नदीकाठाने सपाट चालायचं, दमलं की बसायचं. ज्यांना चालणं जड जातं त्यांच्यासाठी नगरपालिकेच्या विजेच्या छोट्या गाड्या फिरतात, त्यांना 'काव्हालिर' म्हणतात, पैसे लागत नाहीत, हात केला की थांबतात. किल्ल्यावर जायला रुळांवरून चढणारा डबा आहे. तिहेरी पूल, नदीकाठच्या बाजाराच्या कमानी, राष्ट्रीय ग्रंथालय हे सगळं योझे प्लेच्निक या एकाच वास्तुविशारदाचं काम, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिहेरी पुलाशी जो चौक आहे तिथला पुतळा फ्रान्त्से प्रेशेरेन या कवीचा. तो ८ फेब्रुवारी १८४९ला वारला आणि त्या तारखेला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, पण सुट्टी काही देत नाही!

भाषेचा विषय निघालाच आहे तर, मुलगी पुढे संस्कृत घेणार असेल तर तिला सांगा की 'द्विवचन' अजून रोजच्या बोलण्यात वापरणारी माणसं बघायला चाललो आहोत. स्लोव्हेनियन भाषेत 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' यांना वेगळी रूपं आहेत. मराठीने ते कधीच टाकून दिलं.

ल्युब्लियानाहून पहिली दिवसभराची फेरी पोस्तोयना गुहेची करा. वडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून सांगते: गुहांचे दोन पर्याय आहेत आणि चुकीचा निवडाल तर दिवस फुकट जाईल. पोस्तोयनात आत चक्क आगगाडी जाते, १८७२ पासून. पुढे दीड किलोमीटरच्या आसपास चालायचं, रस्ता बांधलेला आहे, चढ-उतार सौम्य आहेत. श्कोत्सियानची गुहा जास्त भव्य आहे, जमिनीखाली नदी आणि तिच्यावर पंचेचाळीस मीटर उंचीवर पूल. पण तिथे पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. माझ्या मते खरी गुहा श्कोत्सियानची, पण आई-वडील बरोबर असतील तर पोस्तोयना, यावर मी वाद घालत नाही. दोन्ही ठिकाणी आत बारा महिने दहा-बारा अंशच असतात. मे महिना आहे म्हणून आईंनी स्वेटर खोलीवर ठेवला तर नंतर तुमचं जाकीट जाणार.

दुसरी फेरी पिरानची, समुद्रकाठचं जुनं व्हेनिसच्या वळणाचं गाव. एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. पहिल्या सहलीत तो कधीच रिकामा राहत नाही. कोणाचं तरी पोट बिघडतं, नाहीतर पाऊस लागतो, नाहीतर मुलीला ड्रॅगन पुलावरचे ड्रॅगन पुन्हा बघायचे असतात.

मग बोहिन्य. इथे बहुतेक जण मला विचारतात, ब्लेडला का नाही? फोटो तर ब्लेडचेच असतात, बेटावरचं चर्च, कड्यावरचा किल्ला. ब्लेड सुंदर आहेच. होडीने बेटावर जा (वर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत, आई-वडील होडीजवळ थांबले तरी बिघडत नाही), काठावर बसून क्रीमची वडी खा. पण ते दिवसा गजबजलेलं असतं. बोहिन्य त्याच्या पुढे सव्वीस किलोमीटर. तळं मोठं आहे, चार किलोमीटरहून लांब, आणि भोवती गाव नावालाच. मी एकदा कोथरूडच्या काकूंना तिथे पुलाजवळच्या बाकावर बसवून तिकिटं काढायला गेले. परत आले तर त्या वाकून पाण्यात बघत होत्या. तळाशी दगड मोजता येत होते आणि त्यावरून मासे सावलीसारखे सरकत होते. "नळाचं पाणी बाटलीत दिसतं ना, तसं आहे गं," एवढंच म्हणाल्या आणि तासभर तिथून उठल्या नाहीत. म्हणून राहायचं बोहिन्यला आणि ब्लेड अर्ध्या दिवसात बघून यायचं. विजेची बोट तळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेते. व्होगेलच्या रोपवेने दीड हजार मीटरवर जाता येतं, मात्र वसंतात तो देखभालीसाठी काही दिवस बंद असतो, तारखा बघून घ्या.

ब्लेडला रेल्वेने जाणाऱ्यांसाठी माझी स्वतःची फजिती सांगून ठेवते. ब्लेडची दोन स्टेशनं आहेत. मुख्य मार्गावरचं लेस्त्से-ब्लेड, जे तळ्यापासून चारेक किलोमीटर लांब आहे, आणि दुसऱ्या मार्गावरचं ब्लेड येझेरो, तळ्याच्या वरच्या अंगाला. 'येझेरो' म्हणजे तळं. पहिल्या खेपेला नावात ब्लेड दिसलं म्हणून संध्याकाळी लेस्त्सेला उतरले, बस नुकतीच गेलेली, आणि बॅगेचं एक चाक तुटलेलं. तेव्हापासून मी ल्युब्लियानाहून बसच घेते. ती ब्लेडच्या गावातच सोडते आणि पुढे बोहिन्यपर्यंतही जाते. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून गाव बदलायचा दिवस आठवड्यातला ठेवा.

आता गाडीचा प्रश्न. याचं उत्तर कोण चालवणार यावर आहे. ल्युब्लियानात गाडी म्हणजे नुसता पार्किंगचा खर्च, तिथे अजिबात नको. बोहिन्यच्या तीन दिवसांपुरती घेतलीत तर मात्र आई-वडिलांना खूप सोपं जाईल. घेणार असाल तर परवाना भारतातूनच काढा. आपल्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, मूळ परवानाही बरोबर हवा. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. पाच माणसं आणि पाच बॅगा पाच आसनी गाडीत मावत नाहीत, सात आसनी घ्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधी नोंदवा. मुलीची उंची दीड मीटरपेक्षा कमी असेल तर तिला बूस्टर सीट कायद्याने लागते. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. महामार्गासाठी 'व्हिन्येता', म्हणजे टोलचा पास, लागतो, आता ती ऑनलाइन घेता येते. भाड्याच्या गाडीला बहुधा असते, तरी ताब्यात घेताना विचारा, नसली तर दंड ३०० युरोपासून सुरू होतो. जिथून घेतली तिथेच परत करा. स्लोव्हेनियात घेऊन इटलीत सोडली तर देश बदलल्याचं शुल्क गाडीच्या भाड्याएवढं होऊ शकतं.

आणि उजव्या बाजूने कधीच चालवली नसेल, त्यात घाटात, त्यात मागून आई "हळू, हळू" करणार असेल, तर गाडीचा हट्ट सोडा. पाच जणांना मिळून व्हॅन ठरवली तर फार महाग पडत नाही. व्रशिचचा घाट, ज्याला पन्नास वळणं आहेत, तो तर मे महिन्यात बर्फामुळे उघडलाय की नाही हेही बघावं लागतं. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून तो रस्ता करून घेतला, १९१६ला हिमकडा कोसळून त्यातले कित्येक गेले. वाटेत त्यांच्या आठवणीचं लाकडी प्रार्थनाघर आहे. इच्छा असेल तर चालक घेऊन जा.

जेवण. इथे मी थोडी लांबणार आहे, कारण सहली इथेच बिघडतात.

'शाकाहारी' हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो, पण आपला अर्थ कळतोच असं नाही. एकदा भाजीचं सूप मागवलं. आलं ते गाजर, बटाटा, घेवडा, आणि वर सॉसेजच्या चकत्या. वाढणाऱ्या मुलीला खरंच वाईट वाटलं. तिच्या मते सूप भाजीचंच होतं, सॉसेज चवीला होतं. त्यामुळे नुसतं 'ब्रेझ मेसा', म्हणजे मांसाशिवाय, म्हणून थांबू नका. रस्सा मांसाच्या पाण्यातला आहे का आणि चरबी घातली आहे का, हेही विचारा. मी कागदावर लिहून नेते आणि दाखवते: 'ने येम मेसा, रिब इन याय्त्स', म्हणजे मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. आई-वडील अंडं खात नसतील तर 'श्त्रुक्ली' सांभाळून. चीज भरलेल्या या गुंडाळ्या दिसायला शाकाहारी, पण पिठात बहुतेक वेळा अंडं असतं. 'अय्दोवी झ्गान्त्सी' हा कुट्टूच्या पिठाचा, आपल्या उकडीच्या जवळचा पदार्थ, पण त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे भुरभुरतात. ते नको म्हणून आधी सांगावं लागतं. पिझ्झा, चीजचा बुरेक, कोशिंबीर, तळलेले बटाटे सगळीकडे मिळतात. चार दिवसांनी मात्र त्याचा वीट येतो.

म्हणून दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हॉटेल नको. तांदूळ, डाळी, भाज्या, दही, लोणी सगळं तिथे मिळतं. नेण्यासारखं म्हणजे मसाला, हिंग, मेतकूट, चटण्या, पोहे, चहापत्ती. दूध, तूप, पनीर आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नको. मे महिन्यात हापूस न्यायचा मोह होणार, मला दर वर्षी कोणीतरी विचारतं, आणि दर वर्षी मी नाही म्हणते. लहान कुकर नेणार असाल तर ॲल्युमिनियमचा नको. तिथल्या बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर तो तापत नाही. बुडाला चुंबक चिकटतो असा स्टीलचा न्या.

पाणी नळाचं प्या. २०१६ला त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला, आणि नळाचं पाणी उत्तम आहे. उपाहारगृहात बाटलीच घ्यावी लागते असं नाही, नळाचं मागता येतं. चहासाठी दूध हवं असेल तर ल्युब्लियानाच्या बाजारात मी दुधाचं यंत्र पाहिलंय. नाणं टाकायचं, बाटली खाली धरायची, धारेसारखं दूध येतं. ते कच्चं असतं, उकळून घ्यायचं. ते उकळल्यावर आलेली साय बघून सोबतच्या एका आजोबांचा चेहरा जो खुलला, तो ब्लेडच्या किल्ल्यावरही खुलला नव्हता.

शेवटच्या दोन रात्रींबद्दल. बोहिन्यहून निघून ल्युब्लियानात गाडी परत करायची आणि तिथून व्हेनिसची बस घ्यायची, चारेक तास लागतात. हा दिवस प्रवासातच जाईल, त्याला इलाज नाही. राहायचं मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीकडच्या भागात, बेटावर नाही. बेटावरच्या पुलांवरून बॅगा ओढत न्यायच्या म्हणजे दर पुलाला पायऱ्या चढा आणि उतरा. सीमेवर थांबवून तपासू शकतात, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. व्हेनिसची गर्दी नकोशी वाटत असेल तर त्याच दोन रात्री स्लोव्हेनियातच वाढवा. तुमच्या आईंना विचारा, त्या कदाचित हेच म्हणतील.

तुम्ही कळवायच्या गोष्टी तीनच: वडील सलग किती चालू शकतात, पायऱ्यांना ते काय म्हणतात, आणि उजव्या बाजूने गाडी चालवायचा अनुभव घरात कोणाला आहे का. एवढं कळलं की बोहिन्यचे तीन दिवस मी नीट मांडून देते. तोवर एजंटला आगाऊ रक्कम भरू नका.